गॅस आला, तरी चूल का राहिली?

आसनगाव सोडले की कसारा लोकल निम्मी रिकामी होते. पुढे आटगाव, तानशेत आणि मग खर्डी. शहापूर तालुक्यातल्या या गावाजवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, आणि तानसा अभयारण्याच्या एका वनपरिक्षेत्राला याच गावाचे नाव आहे. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच टापूतली. बाजारपेठेत गॅसची शेगडी कुणाला नवी नाही. आता ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांच्या पाड्यांवरही पोचली आहे. तरी पहाटे कौलांतून धूर निघतोच. तो का निघतो, हा प्रश्न खर्डीचा तसा मुरबाडच्या टोकावड्याचा, धसईचा आणि राज्यातल्या बहुतेक जंगलपट्ट्याचा आहे.

थंड देशांत लाकूड सोडून गॅसकडे जाणे म्हणजे घर उबदार ठेवण्याचे साधन बदलणे. इथे तो व्यवहार भाताच्या टोपाचा, अंघोळीच्या पाण्याचा आणि बाळंतिणीच्या शेकाचा आहे.

मुंबईला गॅस नवा नाही. दगडी कोळशापासून काढलेला गॅस एकोणिसाव्या शतकात, १८६०च्या दशकातच शहराच्या रस्त्यांवर दिवे पेटवू लागला होता. लालबागच्या ‘गॅस कंपनी लेन’ने त्या कंपनीची आठवण अजून जपली आहे. सिलिंडरातला स्वयंपाकाचा गॅस आला तो माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यामुळे. बर्मा शेल कंपनीने १९५०च्या दशकाच्या मध्यास ‘बर्शेन’ नावाने तो मुंबईत विकायला सुरुवात केली. देशात घरगुती एलपीजीची सुरुवात झाली ती इथून, म्हणजे खर्डीपासून रेल्वेने शंभरेक किलोमीटरवर. कंपनीचे राष्ट्रीयीकरण होऊन तिचे भारत पेट्रोलियम झाले, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवसही सरले, पण शंभर किलोमीटरचे हे अंतर कापायला गॅसला साठ वर्षे लागली.

दरम्यान सरकारने चुलीलाच सुधारून पाहिले. १९८०च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२पर्यंत चालला आणि देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात या कामाची परंपरा त्याहून जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ घडली, आणि पुढे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे व सहकाऱ्यांनी चुलींवर वर्षानुवर्षे संशोधन केले. तंत्र चांगले होते. कमी पडली ती निगा. धुराड्यात काजळी साचते, ते कुणी साफ करत नाही, तोंडाशी टोप बसत नाही म्हणून बाई चुलीचे तोंड फोडून मोठे करते, आणि दोन पावसाळ्यांत ती चूल पुन्हा साधी चूल होते. ओडिशातल्या हजारो घरांवर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी केलेल्या अभ्यासात हेच दिसले: पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झाला, नंतर फरक उरला नाही.

धुराने होणारे नुकसान आता वादाचा विषय राहिलेले नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून अधिक. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक गोष्ट ठळकपणे मांडली. जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या घरात, पण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. म्हणून फुप्फुसाचा जुनाट आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा समजणे चूक आहे. कधीही विडी न ओढलेली आणि पन्नाशीत दम लागणारी बाई ग्रामीण डॉक्टरांना नवी नव्हती. त्या आजाराचे मूळ चुलीत शोधायला मात्र वैद्यकशास्त्राने उशीर केला.

गॅस दिला की आजार लगेच पळतो असेही नाही. २०१८पासून ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्या तामिळनाडूत ३,२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना शेगडी आणि लागेल तेवढा गॅस दीड वर्ष फुकट, घरपोच दिला. त्या स्त्रियांच्या श्वासात जाणारे सूक्ष्म धूलिकण घनमीटरमागे २४ मायक्रोग्रॅमवर आले, बाकीच्यांचे सत्तरीत राहिले. तरी बाळांच्या जन्मवजनात आणि न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही. या निकालाने अनेक संशोधक निराश झाले. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे २४ हा आकडाही स्वच्छ हवेचा नव्हे. शेजारच्या घरची चूल पेटतीच असते, तिचा धूर कुडाने अडत नाही. एका घरात गॅस आल्याने हवा निम्मीच सुधारते, पाडा बदलला तर ती खरोखर बदलते.

याच चाचणीतली आणखी एक गोष्ट खर्डीच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. गॅस फुकट आणि दारात मिळाला, तेव्हा त्या घरांतली चूल जवळजवळ बंद झाली. ‘बायकांना चुलीचीच सवय, चुलीवरच्या चवीचाच सोस’ हे शहरात वारंवार ऐकू येणारे विधान या एका निरीक्षणापुढे टिकत नाही.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया इथे सुरू झाली. आठ कोटीव्या जोडणीचा कार्यक्रम ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याकडेच, औरंगाबादेत झाला. २०२१मध्ये दुसरा टप्पा आला. त्यात स्थलांतरित मजुरांना रेशनकार्ड वा पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागले, पहिला सिलिंडर आणि शेगडीही मोफत झाली. आज देशात या योजनेच्या दहा कोटींहून अधिक जोडण्या आहेत, महाराष्ट्रात पन्नास लाखांवर. स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या घरांचे राज्यातले प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत सुमारे ६० टक्के होते, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ते ८० टक्क्यांच्या जवळ गेले. बाईच्या नावावर जोडणी देणारी ही योजना हा फार मोठा बदल आहे, आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यायला हवे.

पण जोडणी म्हणजे वापर नव्हे. उज्ज्वलाच्या घरात २०१९-२०मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरले जात, २०२४-२५मध्ये साडेचार. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला आठ-दहा लागतात. कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात विक्रीच्या नोंदी तपासल्या तेव्हा उज्ज्वलाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या ग्राहकांनी पहिल्या वर्षी एकदाही सिलिंडर भरला नव्हता. उत्तरेकडच्या चार राज्यांत २०१८मध्ये झालेल्या पाहणीत उज्ज्वलाच्या ८५ टक्के घरांत चूल चालूच होती. सरकारी समारंभात आकडा मोजला जातो तो जोडण्यांचा. बाईच्या फुप्फुसाला फरक पडतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या सिलिंडराने.

शहापूर-मुरबाडमध्ये हे का अडते, ते हंगामाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. इथली आगोटीची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. फाटी गोळा करून, फोडून, माळ्यावर किंवा पडवीत रचली जाते, कारण जूननंतर जंगलातले लाकूड ओले आणि वाट निसरडी. मोळी वीस-पंचवीस किलोची, डोक्यावरून आणायची. जुलैत भाताची लावणी येते. बाई पहाटे घर सोडते, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेली, संध्याकाळी येऊन ओल्या काटक्या फुंकणीने फुंकत बसते. गॅसची खरी गरज याच दिवसांत असते, आणि हातात रोकडही याच दिवसांत सर्वांत कमी. भात घरात यायला दिवाळी उजाडते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. घराला कुलूप, आत बाटला तसाच, आणि भट्टीवरच्या झोपडीपुढे तीन विटांची चूल. वर्षाच्या सरासरी आकड्यात हे कुलूपबंद महिने कुठेच दिसत नाहीत.

पैशाचा हिशेब असा. एप्रिल २०२५च्या दरवाढीनंतर मुंबईत १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशे रुपयांच्या वर गेला. उज्ज्वलाच्या ग्राहकाला ३०० रुपये परत मिळतात, पण खात्यात आणि नंतर. आधी पूर्ण रक्कम रोख मोजावी लागते. रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची कमाई एकदम काढून द्यायची. राज्य सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. निर्णय स्वागतार्ह, पण पद्धत तीच: आधी भरा, मग खात्यावर घ्या. आठवड्याच्या बाजारावर घर चालवणाऱ्या बाईला ‘नंतर’चा उपयोग नसतो. त्यात बँक खर्डीला किंवा शहापूरला, आणि केवायसी अडली की अनुदानही अडले. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, बहुतेक आखातातून, त्यामुळे तिकडे भाव हलला की इथला हिशेब मोडतो. लाकडाला यातले काहीच लागत नाही. ते फुकट असते, निदान बाईच्या श्रमाला मोल धरले नाही तर.

ते मोल धरून पाहावे. एक किलो एलपीजीत सुक्या लाकडाच्या जवळपास तिप्पट उष्णता असते. शिवाय तीन दगडांची चूल त्यातली दहा-पंधरा टक्केच भांड्याला देते, गॅसची शेगडी साठहून अधिक. गुणाकार केला तर एक भरलेला सिलिंडर दोनशे किलो लाकडाचे काम करतो. आठ-दहा मोळ्या, आणि तेवढ्याच वेळा जंगलात जाणे.

अंघोळीच्या पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे, आणि चूल का राहिली याचे निम्मे उत्तर त्यात आहे. माणशी वीस लिटर पाणी, हिवाळ्यात वीस अंशांनी तापवायचे, घरात पाच माणसे. गॅसवर हंडा ठेवून हे केले तर दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस जातो, महिन्याला नऊ किलो. म्हणजे एका बाटल्याचा दोन तृतीयांश भाग नुसता न्हाणीत. कोणतीही शहाणी गृहिणी हे करणार नाही. ती चहा, पोरांची न्याहारी, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याचे जेवण गॅसवर करते आणि पाण्याचा हंडा चुलीवर ठेवते. सवयीपेक्षा यात हिशेब जास्त आहे.

बाजारपेठेतल्या जुन्या घरांत या कामाला तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत ढलप्या, करवंट्या, लाकडाचा भुसा घालायचा, खालच्या जाळीतून राख काढायची, वरून गार पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर. उष्णता नळीभोवतीच्या पाण्यात जाते, म्हणून थोड्या जळणात काम होते. बहुतेक ठिकाणी बंब न्हाणीजवळ उघड्यावर असे, त्यामुळे धूर माजघरात शिरत नसे. भंगारात गेलेले हे भांडे आपल्या पूर्वजांच्या अकलेचा उत्तम नमुना होते.

त्याच्या जागी आता गॅस गीझर येत आहे, आणि इथे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेकदा आल्या आहेत. प्राणवायू कमी पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. चक्कर येईपर्यंत कळत नाही, आणि चक्कर आल्यावर कडी काढायची ताकद उरत नाही. गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या जागी लावावा आणि नळाने पाणी आत न्यावे. न्हाणीला खिडकी नसेल तर तो घेऊच नये.

स्वयंपाकघरातला धोका वेगळा. कारवीच्या कुडाच्या घरात ओटा नसतो. सगळा स्वयंपाक जमिनीवर: पुढ्यात परात, डाव्या हाताला पाण्याचे भांडे, समोर चूल. तांदळाची भाकरी तव्यावर भाजून मग निखाऱ्यांपुढे उभी केली जाते आणि तिथे ती फुगते. हे बसून करायचे काम, म्हणून शेगडीही जमिनीवरच येते. नियम मात्र सांगतो की बाटला उभा आणि शेगडी त्याहून उंच असावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि दोन हातांवर चुलीत निखारे असतात. गॅस आणि चूल एकाच खोलीत चालवणाऱ्या घरांना हे कुणी बसून समजावून सांगितलेले नसते. विटांचा गुडघाभर ओटा, पाच वर्षांनी नवी रबरी नळी, रात्री रेग्युलेटर बंद, एवढे केले तरी बराच धोका टळतो. गळती झाली तर १९०६ हा क्रमांक आहे. तो दारावर लिहून ठेवावा.

चुलीची आणखी काही कामे गॅसने होत नाहीत. बाळंतिणीला आणि बाळाला शेक लागतो तो निखाऱ्यांच्या शेगडीचा. धुराने माळ्यावरचे बियाणे, सुकी मासळी आणि कुडाचे वासे किडीपासून वाचतात. डिसेंबरात कसारा घाटाच्या पायथ्याशी रात्री थंडी चांगलीच पडते, तेव्हा चुलीभोवती माणसे बसतात. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण बाळंतिणीच्या खोलीतला धूर तिला आणि बाळाला सर्वांत घातक, हेही तितकेच खरे. शेक हवा असेल तर निखारे बाहेर चांगले फुलवून, धूर गेल्यावर, दार उघडे ठेवून आत आणावेत, इतके तरी आशाताई घरोघर सांगू शकतात.

गॅसने जंगल वाचते का? थोडेसे. अभयारण्ये आणि व्याघ्रप्रकल्पांलगतच्या गावांसाठी वनविभागाने २०१५च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत गॅसवर अनुदान ठेवले ते याच विचाराने. पण घरच्या चुलीला जाते ते बहुतांशी पडलेले, वाळलेले लाकूड. इथल्या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात त्या राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी. त्यावरून ठाणे जिल्ह्यात ब्रिटिश काळातही इतका असंतोष होता की १८८०च्या दशकात सरकारला वनचौकशी आयोग नेमावा लागला. सिलिंडर राबाचे काम करत नाही. जंगलतोडीचा दोष मोळी वाहणाऱ्या बाईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

पर्यायांची चर्चा थोडक्यात आटोपते. नळाच्या गॅसचा परवाना पालघर आणि ठाणे ग्रामीणसाठी गुजरात गॅसकडे आहे, पण विखुरलेल्या पाड्यांपर्यंत नळ जाण्याची आशा धरू नये. गोबरगॅस मुंबईला फार जुना: माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७मध्येच मैल्याचा गॅस गोळा केला जात होता. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ प्रतिष्ठानने गावोगावी असे गोबरगॅस चालवून दाखवले, कारण तिथे गोठा आणि विहीर घराशी असते. शहापूरच्या ज्या पाड्यांवर एप्रिलपासून टँकर येतो, तिथे शेण कालवायला पाणी कुठून आणणार? विजेची शेगडी स्वस्त पडते, पण वीज टिकली तर. पाण्यासाठी मात्र सूर्याची उष्णता घेणे सोपे आहे. पावसाळा सोडला तर खर्डीत ऊन भरपूर, आणि पाड्यामागे दोन सामुदायिक सौर बंब बसवले तर चुलीचे मोठे काम सुटते.

इतरांनी इंधन कसे बदलले तेही पाहावे. ब्रिटन १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या गॅसवरून समुद्रातल्या नैसर्गिक वायूकडे वळले. कामगार घरोघर गेले आणि प्रत्येक शेगडी, प्रत्येक बर्नर ग्राहकाकडून पैसे न घेता बदलून आले. आज युरोप त्याच्याही पुढे निघाला आहे. नेदरलँड्समध्ये २०१८पासून नव्या घरांना गॅसची जोडणीच मिळत नाही. म्हणून कुणी म्हणेल की जग गॅस सोडत असताना आपण पाड्यांवर तो का न्यावा. उत्तर सोपे आहे. तिथे गॅसच्या जागी स्वस्त, भरवशाची वीज आली. इथे गॅस नाकारला तर बाईच्या वाट्याला पुन्हा धूर येईल.

तेव्हा मागणी नेमकी करायला हवी. अन्नपूर्णा योजनेतल्या तीन सिलिंडरांपैकी दोन मेअखेरपर्यंत, आगोटीत, एक पैसा आधी न घेता पाड्यावर पोचवावेत. केंद्राचे तीनशे रुपये खात्यात परत न करता बिलातूनच वजा व्हावेत. योजनेत पाच किलोचा लहान सिलिंडर आहे, तो खर्डी, डोळखांब, टोकावड्याच्या आठवडी बाजारात रेशन दुकानावर भरून मिळावा, आणि वीटभट्टीवरही तोच चालावा. तालुक्याच्या आढावा बैठकीत जोडण्यांऐवजी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किती सिलिंडर भरले, तो आकडा गावनिहाय मांडावा. आणि ग्रामसभांनी तो आकडा मागावा. मागितल्याशिवाय तो कुणी देणार नाही.